सातवं प्रकरण आणि सहा खिट्ट्या

मी एक पुस्तक बोलतोय, आणि अजून हबकलेलाच आहे. छापील वस्तूनं हबकू नये म्हणतात. काय सांगायचं ते एकदा सांगून टाकावं आणि मिटून बसावं. पण माझ्याच पोटातलं एक वाक्य एका पोरानं माझ्यादेखत शपथेवर म्हटलं आणि ते धादांत खोटं होतं. तेव्हापासून मला मिटून बसवत नाही.

मला लिहिलं ते विनिफ्रेड ओट्स नावाच्या एका शाळामास्तरणीनं. नोकरी संपल्यावर या बाईंनी निवृत्त खलाशांच्या क्लबात जाऊन बसायचा नाद लावून घेतला. म्हातारे बिअर पीत, बाई लिंबूपाणी पीत. म्हातारे बोलत, बाई लिहून घेत. त्यातून माझे तीन भाग झाले. पहिल्यात एका युद्धनौकेची शेवटची लढाई आहे. दुसऱ्यात तिच्यावरच्या माणसांचं जगणं आहे, म्हणजे ती काय खात, कुठे झोपत, घरच्या पत्रांची वाट कशी बघत, धुतलेले पायमोजे कुठे वाळत घालत. तिसऱ्यात, त्या बुडण्यातून नव्या खलाशांनी काय शिकायचं ते आहे. बड्या अधिकाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. लढाईच्या पुस्तकात पायमोजे कशाला, म्हणाले. खलाशांनी मात्र मला पायमोज्यांसाठीच विकत घेतलं आणि मग बाकीचंही वाचलं.

माझं सातवं प्रकरण फार गाजलं. त्या नौकेत पाणी शिरतं, आणि आत आपलेच सोबती आहेत हे ठाऊक असूनही बॉयलरच्या भट्टीवर कोळसा टाकणारा एक पोरगा लोखंडी दार लावून घेतो. त्यामुळे बाकीचे वाचतात. प्रकरणाचा शेवट असा आहे: ‘दार लागलं. आतून कुठलाही आवाज आला नाही.’ हे वाचून लोक गप्प होत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

माझा मालक चीफ नेव्हिल डुलन. चर्चच्या जुन्या बाजारात त्यानं मला उचललं आणि त्याच दिवशी माझ्यावर टोमॅटो सॉस सांडला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात तो आरमारी पोरांना जहाज वाचवायचं शिक्षण देई. नळ फुटला, आग लागली, पाणी शिरलं तर काय करायचं, ते. वर्गात तो मला हातात धरून फिरे आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटी, जे मला मुळीच आवडत नसे.

‘पाणी उंबऱ्याच्या वर चढलं, की दार उघडता येतं, पण पुन्हा लावता येत नाही,’ हे तो पोरांकडून घोकून घेई. पण सातव्या प्रकरणाचा शेवट आला, की त्याचं डोकं फिरे.

"हे वाक्य बाईंनी दयेपोटी लिहिलंय," तो म्हणे. "आत माणूस असला की आवाज येतोच. त्या आवाजाची तयारी ठेवा, बाबांनो. या पुस्तकाच्या नादी लागू नका."

भर वर्गात असा पाणउतारा! मी जळफळत असे.

पोरांची तयारी करून घ्यायची त्याची पद्धत जगावेगळी होती. सरावाच्या दिवशी तो गस्तीनौकेवर जाई, स्वतः मागच्या खोलीत शिरे, बाहेरून पोराला दार लावायला सांगे आणि आतून गयावया सुरू करी. "उघड रे, माझा चहा गार होतोय. बायकोला काय तोंड दाखवशील? अरे, तुला पास केलं, आता तरी उघड." दयेनं जो दार उघडी तो नापास. खरंच काही झालं तर ‘सेफगार्ड’ असं ओरडायचं, हा आरमारातला ठरलेला शब्द. तो कानावर आला की नाटक संपलं, धावून जायचं. "तो शब्द येत नाही तोवर मी तुमचा कुणी लागत नाही," असं चीफ बजावून ठेवी.

ब्रॉडी मॅकिनेस या परीक्षेत दोनदा नापास झालेला. हातापायानं दांडगा, मनानं लोणी. दोन्ही वेळा त्यानं चहाच्या नावावर दार उघडलं होतं.

त्या सकाळी नौका खाडीबाहेर पडली तेव्हा समुद्र चांगलाच उसळला होता. खोलीत शिरण्यापूर्वी चीफनं मला ब्रॉडीच्या हातात दिलं. "धर, भिजवू नकोस. आणि आज तरी जरा दगड हो."

ब्रॉडीनं मला काखेत मारलं आणि दार लावलं. त्या दाराला सहा खिट्ट्या, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून फिरणाऱ्या. मग आतून एक दणका ऐकू आला. मला वाटलं, चीफनं आज नाटकाला चांगलाच रंग भरला. पाठोपाठ ठोकणं सुरू झालं. लोखंडावर लोखंड. खिट्ट्यांच्या मुठी आपोआप थरथरू लागल्या. ब्रॉडी दाराला पाठ लावून उभा राहिला आणि हसला.

"आज नाही हं, चीफ," तो म्हणाला. "आज चहा गारच प्या."

मीही मनात हसलो. म्हटलं, सुटला एकदाचा पोरगा.

ठोकणं थांबलं. नौकेची मागची बाजू जड झाली, आणि भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला की हा सराव नाही, मागच्या खोलीत समुद्राच्या पाण्याचा मोठा नळ फुटलाय. ब्रॉडीचा चेहरा मी खालून बघत होतो. असा चेहरा मी पुन्हा बघू नये. त्याचा हात खिट्टीकडे गेला, तेवढ्यात दोघा खलाशांनी त्याला मागे खेचलं. नौका कशीबशी किनाऱ्याला लागली. सगळे वाचले. चीफ नेव्हिल डुलन वाचला नाही.

चौकशी झाली. ब्रॉडीनं मला बरोबर नेलं होतं. तेव्हापासून तो मला खाली ठेवतच नव्हता. अधिकाऱ्यानं विचारलं, आतून काही ऐकू आलं का?

"दार लागलं. आतून कुठलाही आवाज आला नाही, सर."

माझी पानं गार पडली. माझंच वाक्य! शब्दन् शब्द माझा! आवाज आला होता, मी स्वतः ऐकला होता, आणि हा पोरगा माझ्या शब्दांआड लपत होता. आवाज आला म्हटलं असतं, तर आपण हसलो हेही सांगावं लागलं असतं. खिट्ट्या सगळ्या तूच लावल्यास ना, यावरही तो हो म्हणाला. दार तपासलं तेव्हा सहाही खिट्ट्या घट्ट होत्या, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. उलट त्याची पाठ थोपटली. त्याच्या शौर्याची शिफारस करायचं ठरलं, आणि चीफचे वर्गही पुढे त्यानंच घ्यावेत असं ठरलं. वर्गात मीच असणार होतो, तेच सातवं प्रकरण घेऊन.

आरमारात एक रीत आहे. खलाशी गेला, की त्याच्या सामानाचा लिलाव करतात. सोबती फाटक्या बनियनला वेड्यासारखी किंमत देतात, आणि घेतलेली वस्तू लगेच परत टेबलावर टाकतात, म्हणजे ती पुन्हा विकली जावी. पैसा विधवेला जातो. चीफचा कंगवा त्या दिवशी कितीतरी वेळा विकला गेला, आणि चीफला तर टक्कल होतं. लोक हसत होते, डोळे पुसत होते. पुढच्या रांगेत चीफची बायको, बेरिल डुलन बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

ब्रॉडीनं आणलेला मी टेबलावर शेवटी आलो. ब्रॉडीनं पहिलीच बोली एवढी मोठी लावली, की दुसरं कुणी बोललं नाही. तो आला, त्यानं मला उचललं, आणि परत ठेवलंच नाही.

"टाक रे टेबलावर," लिलाव करणारा फिट्झ म्हणाला.

"मी ठेवणार आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. मेलेल्या माणसाची वस्तू घरी नेणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. फिट्झ तर दोन पावलं पुढे आला. तेवढ्यात बेरिलबाई उठल्या.

"राहू दे, फिट्झ. न्यायचं तर नेऊ दे त्याला. ब्रॉडी, उद्या सकाळी घरी ये. येताना ते पुस्तक आण. मला वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. बाईंनी स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोडसर पाव, भाजले होते. कुणी हात लावला नाही. ब्रॉडीनं सातवं प्रकरण वाचलं आणि शेवटाला येऊन अडकला.

"एक वाक्य राहिलं," बाई म्हणाल्या.

"माहितेय, मिसेस डुलन."

"त्या वाक्यावर बोट ठेवून नेव्हिल शिव्या घालायचा. याच टेबलावर, लग्न झाल्यापासून ऐकत आलेय मी. आणि चौकशीत तू तेच म्हणालास, मी ऐकलं, जसंच्या तसं. तुझ्या शब्दांत बोलला असतास तर कदाचित खरं मानलं असतं मी. ठोकलं ना त्यानं?"

ब्रॉडीनं मला मिटलं. "ठोकलं. आणि मी हसलो, मिसेस डुलन. मला वाटलं परीक्षा घेतायत. आज चहा गारच प्या, म्हणालो मी त्यांना."

बाई उठल्या, मोरीपाशी गेल्या, नळ उघडला, बंद केला. "तुला मारावंसं वाटतंय मला."

"मारा."

"गप्प बस." त्या येऊन बसल्या. "ओरडला काय तो?"

"काहीच नाही."

"चहा? बायको? शिव्या?"

"नाही. नुसतं ठोकत होते."

"सेफगार्ड म्हणाला?"

"म्हणाले असते तर मी दार फोडलं असतं."

"तेच त्यालाही ठाऊक होतं," बाई हळूच म्हणाल्या. मग एकदम त्यांनी विचारलं, "कुठे ठोकत होता? मधे?"

ब्रॉडीनं आठवून टेबलावर बोटानं दाखवलं. वर, मग बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग खाली कोपऱ्यात.

"सुटका मागणारा माणूस असा दारभर फिरत नाही, पोरा. एका जागी बडवतो." बाईंनी स्कोनची बशी बाजूला सारली. "तू खिट्ट्या किती लावल्या होत्यास?"

मी काखेतून सगळं बघितलं होतं, तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"दोन," ब्रॉडी म्हणाला. "सरावच आहे म्हणून दोनच लावल्या."

"आणि दार सापडलं तेव्हा?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि मला तोंड असतं तर माझंही राहिलं असतं. मुठी थरथरताना मी बघितल्या होत्या. चीफ दार उघडू बघतोय असंच आम्ही दोघांनी धरलं होतं. तो तर एकेक खिट्टी आतून ठोकून आवळत होता. पाणी उंबऱ्यावर चढलेलं, आणि वर निघायची दुसरी वाट म्हणजे शिडी, तिच्यावर फुटलेल्या नळाचा झोत. आपण बाहेर पडलो तर दार पुन्हा लागणार नाही आणि दोन खिट्ट्या पाण्याचा जोर सोसणार नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं आपलं दार आपल्या हातानं लावलं, आणि बाहेर आम्ही हसत होतो.

"चार त्याच्या आहेत," बेरिलबाई म्हणाल्या. "त्या तू आपल्या नावावर लिहून घेतल्यास. त्यांच्यावर शाबासकी घ्यायला निघालायस. परत कर."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"मी हसलो होतो, हे सगळ्या आरमारात होईल."

"होईल. मी पण कधी विसरणार नाही, उगाच आशा धरू नकोस. ऊठ, गाडी काढते मी."

चौकशीचे अधिकारी गावातच राहत. सुटीच्या दिवशी दाराशी गणवेशातला पोरगा आणि विधवा बघून ते चपापले. आम्हाला बैठकीत बसवलं. ब्रॉडीनं सगळं सांगितलं, आणि सुरुवात हसण्यापासून केली. साहेब ऐकत राहिले.

"हे मिटलेलं प्रकरण आहे, मॅकिनेस," ते शेवटी म्हणाले. "उकरून कुणाचं भलं होणार?"

"दोन, सर. मी दोनच लावल्या."

"मग बाकीच्या चार कुणी लावल्या?"

ब्रॉडीनं बेरिलबाईंकडे बघितलं.

"माझ्या नवऱ्यानं," बेरिलबाई म्हणाल्या, आणि चीफ गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या. मोठ्यानं, पर्स खाली टाकून. साहेब उठून उभे राहिले आणि काय करावं ते न कळून तसेच उभे राहिले.

चौकशी पुन्हा उघडली, आणि आता मी पुराव्याच्या कपाटात आहे. पुठ्ठ्याला चिठ्ठी बांधलीय, आणि कुणी मला उघडत नाही. बाहेर कारकून बोलतात ते कानावर पडतं. ब्रॉडीची शिफारस रद्द झाली. त्याला बोटीवरून उतरवलंय, आणि तो धक्क्यावर दोरखंडांच्या कोठारात काम करतो. चार खिट्ट्या मात्र आता चीफच्या नावावर लागल्या आहेत.

तुम्ही त्या बाजूला गेलात आणि तो भेटला, तर माझं एक ऐका. त्या दिवशी तू हसलास का, असं त्याला विचारू नका. भेटेल त्याला तो ते स्वतःच सांगतो म्हणे. तेवढं उभ्या उभ्या ऐकून घ्या, आणि लगेच निघून जाऊ नका.