संत पारास्केवीचे डोळे कोणी काढले

वरच्या लिथारी गावातल्या चर्चमधल्या भिंतीवरच्या संतांचे डोळे तुर्कांनी भाल्यांनी फोडले, हा इतिहास आहे. पोलिक्सेनीबाईंनी तो चाळीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवला. सव्वीस जुलैला, सणाच्या सकाळी, संत पारास्केवीच्या पडक्या चर्चसमोर जी झुंबड उडाली होती, तिच्यातल्या निम्म्या लोकांनी तो त्यांच्याच तोंडून ऐकला होता. अडचण एवढीच, की या संतबाईचा उजवा डोळा पोलिक्सेनीबाईंनी स्वतः, वयाच्या सातव्या वर्षी, केसांच्या आकड्याने उकरला होता. तुर्क बिचारे इथवर आलेच नव्हते. चढण फार आहे.

त्यांच्या थोरल्या बहिणीचे, मारिगोचे, डोळे आले होते. संतबाईच्या डोळ्यांचा गिलावा खरवडायचा, पाण्यात कालवायचा आणि आजाऱ्याच्या डोळ्यांत घालायचा, हा लिथारीचा पिढीजात इलाज. आजीने धाकट्या पोलीला खांद्यावर घेतलं. कित्येक पिढ्यांनी आधीच बोटभर खोल केलेल्या खोबणीत आकडा आणखी आत गेला आणि कशावर तरी आपटून टण् वाजला.

"बोलली गं बाई!" म्हणत आजीने छातीवर क्रुसाची खूण केली.

पुढे गाव रिकामं झालं. निम्मं खाली रस्त्याकाठी जाऊन वसलं, निम्मं मेलबर्नला गेलं. वर उरल्या शेळ्या आणि बिनछपराची एकवीस चर्च. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तोवर तीन वर्षांपूर्वी थिओफानिस परतला. जर्मनीत त्याने पस्तीस वर्षं नळदुरुस्ती केली होती. आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात संतबाई त्याच्या स्वप्नात आली, आणि सणाच्या दिवशी भिंत रडू लागली.

"ढकलू नका! संतबाईला गर्दी सोसत नाही," थिओफानिस पायरीवरून ओरडत होता. त्याच्या पाठीमागे नवसाच्या पत्र्याच्या डोळ्यांच्या माळा लटकत होत्या. "डावा अश्रू मोतीबिंदूला, उजवा काचबिंदूला. नुसता चष्मा असणाऱ्यांनी मागे व्हा, तो आजार नव्हे! तुर्काने डोळे फोडले, तरी माउली रडतेय कुणासाठी? तुमच्यासाठी! काय हो बाई, तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या.

मारिगो त्यांच्या दंडाला धरून रांगेत उभी होती. "पोली, किती जण राहिले पुढे?"

"मोजू शकत नाहीस?"

"डोकी दिसतात. एकमेकांत मिसळलेली दिसतात."

मारिगोला काचबिंदू होता. डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात दाराच्या फटीएवढी दृष्टी उरली होती. खालच्या दवाखान्यातल्या इस्मिनी डॉक्टरणीने रोज घालायचे थेंब लिहून दिले होते, आणि मारिगोने गेल्या सणापासून ते बंद केले होते. थेंब चालू असले की अश्रू लागू पडत नाही, असं थिओफानिस मिस्त्री म्हणाला होता. संतबाईला तो अविश्वास वाटतो.

आदल्या दुपारी सगळं खालचं लिथारी जेवून झोपलेलं असताना बाई काठी टेकत वर आल्या होत्या. कशाला, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. चर्चच्या मागे शेळ्यांचा घोळका भिंत चाटत उभा होता. जुलै महिना, डोंगरावर पाण्याचा टिपूस नाही, आणि शेळ्या भिंत चाटतायत. बाईंनी त्यांना हाकललं, केपरचं हिरवंगार झुडूप बाजूला केलं. ढासळलेल्या दगडांतून मातीच्या रांजणाचा काठ डोकावत होता. जुने गवंडी भिंतीत असे रांजण पुरायचे, प्रार्थनेचा सूर घुमावा म्हणून. रांजण काठोकाठ भरला होता. एक रबरी नळी पडक्या घराच्या टाक्याकडे जात होती, आणि तिचा जोड अगदी जर्मन टापटिपीने तारेने आवळला होता.

बाईंनी काठीने रांजणावर ठोकलं. टण्.

आजीने काय ऐकलं होतं ते त्यांना एकोणसत्तर वर्षांनी कळलं. त्या सरळ खाली दवाखान्यात गेल्या. डोळा तपासताना घालतात तो हिरवा रंग डॉक्टरणीने दिला. "डोळ्याला अपाय नाही," ती म्हणाली. "डोक्याला झाला तर बरं." पहाटे सगळ्यांच्या आधी बाईंनी तो रांजणात ओतला.

आता पाद्री पापा-फोटिसांची प्रार्थना संपली. थिओफानिसने नव्या रुमालाने संतबाईचा चेहरा हळुवार पुसला. खोबणीत बसवलेलं मेण रुमालात आलं, ते बाईंना प्रथमच दिसलं, कारण प्रथमच त्या तिकडे पाहत होत्या.

अश्रू आला. हिरवा. उन्हात चमकणारा.

पस्तीस वर्षांत असली गळती थिओफानिसने पाहिली नव्हती. मग त्याने हात वर केले. "ऑलिव्हचा रंग! लोकहो, यंदा माउलीने गावाचा रंग दिला!" बायका हमसून रडू लागल्या.

"रंग इस्मिनी डॉक्टरणीने दिला," पोलिक्सेनीबाई वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या. "मागे चला. सगळे."

सवयीने सगळे गेले. बाईंनी झुडूप सारलं, रांजण दाखवला, हिरवं पाणी दाखवलं, नळी दाखवली.

"नळी माझी आहेच," थिओफानिस म्हणाला. "शेळ्यांना पाणी पाजतो. पाप आहे?"

शेळ्या समोरच उभ्या होत्या. मुद्दा बिनतोड होता.

"आणि रांजणापर्यंत भोक तुर्कांनी पाडलं नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या आज्यांनी पाडलं, औषधाला. उजव्या डोळ्याचं शेवटचं टोक मी पाडलं."

मग कालिरोई खाटकीण पुढे आली. "बाई, चौथीत मी म्हटलं होतं, माझी आजी म्हणते डोळे बायकांनीच खरवडले. तुम्ही मला दोन छड्या मारल्यात. आठवतं?"

"आठवतं."

"मग तेव्हा खोटं बोलत होतात की आता?"

लोक हसले. थिओफानिस सगळ्यांत मोठ्याने हसला.

"तेव्हा," बाई म्हणाल्या. "तेव्हा पुस्तकात होतं म्हणून सांगितलं. आता डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. पुस्तकावर नको, मिस्त्रीवर नको. हात घाला आणि बघा."

पापा-फोटिस नसलेल्या छताकडे पाहू लागले. कुणी हात घालेना. शेवटी मारिगो चाचपडत पुढे आली, रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून एप्रनला पुसला.

"गार आहे," ती म्हणाली.

एवढ्यात कुणीतरी ओरडलं की हिरवा अश्रू आटत आलाय, आणि सगळी गर्दी पुन्हा पुढच्या बाजूला पळाली. कालिरोईसुद्धा.

"ताई, तू तरी चल घरी."

"मला आधीच वाटलं होतं गं," मारिगो म्हणाली. "पण तुझ्या त्या थेंबांनी काही परत येत नाही. नुसतं आहे ते टिकतं. इथे रांगेत उभं राहिलं की येईलसं वाटायचं."

त्या दोघी उतरल्या. घरी फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात थेंबांच्या अकरा बाटल्या होत्या, सगळ्यांची सीलं शाबूत. बाईंनी सर्वांत नवी फोडली आणि मारिगोच्या उजव्या डोळ्यात एक थेंब घातला. दुसऱ्या दिवशीही घातला, तिसऱ्याही.

वाचकहो, कुठेही भिंत रडू लागली, की आधी मागच्या बाजूला जाऊन यावं. फार वेळ लागत नाही. आणि मुलांना सोयीचं खोटं शिकवू नये. खरं सांगायची वेळ येते, तेव्हा तीच मुलं समोर असतात.

महिन्याभराने इस्मिनी डॉक्टरणीने मारिगोला तपासलं. डोळ्याचा दाब अगदी व्यवस्थित होता. पण थेंब वर्षभर उशिरा सुरू झाले होते; दिसत काहीच नव्हतं.