पुडीवरची चित्रं

माझ्या चित्रांशेजारी भिंतीवर कार्ड चिकटवून झाल्यावर मृणालीने ते मला वाचून दाखवलं. ‘सुनंदाबाई बोरसे, शिरपूर. शैली : वारली.’

मी म्हटलं, “बाळा, हे काढ.”

ती थबकली. जळगावच्या कॉलेजात चित्रकला शिकवणारी ही मुलगी. प्रदर्शनासाठी शिरपूरला माझ्या घरी येऊन तिनेच बारा चित्रं निवडली, तिनेच ती काचेत बसवून घेतली. फॉर्मवर शैलीचा रकाना मी कोरा सोडला होता. काडीसारख्या साध्या रेघा दिसल्या, म्हणून तिने तो आपल्या समजुतीने भरला.

“मावशी, शैलीचं नाव नसलं तर चित्रं ‘इतर’मध्ये जातात. ‘इतर’ म्हणजे मागचा व्हरांडा, पाण्याच्या जारजवळ. अकराला उद्घाटन आहे.”

दहा वाजून गेले होते. वारली ज्यांची आहे त्यांचीच राहू दे, मी तिला समजावलं. ते नाव मी लावलं तर संध्याकाळी देवापुढे दिवा कुठल्या तोंडाने लावू? मग तिने ‘सुनंदा शैली’ सुचवलं.

“साड्यांचं दुकान वाटंल,” खुर्चीवरून प्रेमराजभाऊ म्हणाले. आरोग्य खात्याच्या जीपचे हे जुने ड्रायव्हर. सातपुड्याच्या पायथ्याची गावं आम्ही पंधरा वर्षं सोबत फिरलो. आजही एस.टी.ने मला इथवर घेऊन आले होते.

मृणालीने विचारलं, मग तुम्ही हे शिकलात कुठे? मी खरं तेच सांगितलं.

मी उपकेंद्राची नर्स. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या. बहुतेक बायांना वाचता येत नसे, म्हणून कधी घ्यायची ते पुडीवर बॉलपेनने काढून द्यायचं. दारात रांग असायची. एका चित्राला पाच-सात रेघा, त्याहून जास्त वेळच नसे.

बेबाबाई नावाच्या बाळंतिणीला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पुडीवर भाकरी काढली, शेजारी एक गोळी. म्हणजे जेवणानंतर एक. तिसऱ्या दिवशी ती पोट धरून, वाकून चालत आली. मीच तिला रागावले. ती बिचारी शांतपणे म्हणाली, “बाई, तूच भाकर काढेल शे. चार भाकरी खाद्या, चार गोया लिध्या.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. एका भाकरीला एक गोळी, मी काढलं तेच तिने वाचलं होतं.

बेबाबाई आठवड्यात बरी झाली, मी झाले नाही. पुष्कळ विचार केला, तेव्हा कळलं की जेवण काढून उपयोग नाही, जेवण झालेलं काढायला हवं. पुढच्या पुडीवर रिकामं ताट काढलं आणि तांब्याच्या धारेखाली हात. मग कुणी चुकलं नाही. तेव्हापासून माझा हात तसाच वळला. पाखडणारी बाई मला काढता येत नाही. पाखडून झाल्यावर भिंतीला टेकवलेलं सूप काढता येतं. जत्रा नाही, जत्रा उठल्यावरचं मैदान. आणि एक नेम धरला. रोज एक चित्र काढून देवापुढे ठेवल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. बावीस वर्षं झाली. तापातही मोडला नाही.

मृणाली भिंतीवरची चित्रं पहिल्यापासून पुन्हा बघू लागली.

प्रेमराजभाऊ उठून तिच्या मागे गेले. हळू बोलणं त्यांना जमत नाही. “मॅडम, ह्या सांगणार नाहीत, मी सांगतो. एकदा बाई महिनाभर रजेवर होत्या. बदलीच्या नर्सनं कोऱ्या पुड्या दिल्या. बायांनी खिडकीतून परत केल्या. म्हणे, ही नको, चित्रनी पुडी दे. बठ्ठ्या, सगळ्या गावांत तेच. मग मी जीप घेऊन ह्यांच्या घरी. ह्यांनी अंथरुणात बसून दोनशे पुड्या काढून दिल्या.”

“एकशे ऐंशी,” मी म्हटलं.

आणि इतके दिवस जे सुचत नव्हतं ते तोंडात आलं. नाव तर बायांनी कधीच ठेवलं होतं. मलाच ते नाव वाटलं नव्हतं.

“पुडीचित्र लिही.”

मृणाली घुटमळली. “मावशी, पुडी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवेल.”

“आठवू दे. मग विचारतील. विचारलं की तू सांगशील.”

तिने जुनं कार्ड सोलून काढलं आणि नव्यावर जाड पेनाने सावकाश लिहिलं. ‘सुनंदाबाई बोरसे. शैली : पुडीचित्र.’ शब्द छापील नव्हता, पण ठसठशीत होता. मी तो दोनदा वाचला. गर्व करू नये म्हणतात. त्या क्षणी मी केला, आणि देवाला तसं सांगूनही टाकलं.

भिंतीला आधीचा गोंद लागलेला, त्यामुळे कार्डाचा एक कोपरा सुटत होता. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या थांबल्या, नारळ फुटला. मृणालीने दारातून मला पुढे बोलावलं. मी मान हलवून थोडं थांब म्हटलं आणि गोंद धरेपर्यंत अंगठ्याने तो कोपरा दाबून उभी राहिले.