मधुकररावांची पहिली स्प्रिंट

हिंगणीचे मधुकरराव वांगी आणि फुलकोबी पिकवायचे आणि उरलेल्या वेळात सायकल चालवायचे. कुंताबाई, त्यांची बायको, म्हणायची की हे उलटं सांगून राह्यले तुम्ही. हा माणूस सायकल चालवते, अन् उरलेल्या वेळात वांग्यांकडे पाह्यते. साठी उलटली होती तरी मनात आलं की ते सकाळी निघत आणि सेलू, सिंदी, समुद्रपूर करत थेट जामच्या चौकात जाऊन चहा पिऊन येत. चहा हिंगणीतही मिळतो, हे कुंताबाईनं त्यांना बरेचदा सांगून पाहिलं होतं.

जुलै महिना आला की फ्रान्सातली सायकलींची मोठी शर्यत सुरू होई. मग दुपारनंतर ओसरीत मोबाईल एका रिकाम्या कॅरेटला टेकवून ठेवायचा आणि समोर दोघांनी बसायचं, हा नेम. एक मधुकरराव आणि दुसरे पुंडलिकराव. पुंडलिकराव निवृत्त ग्रामसेवक. लुना घेतल्यापासून त्यांनी सायकलीला पाय लावला नव्हता, पण मधुकररावांचा शिष्य म्हणून त्यांना सायकलीतलं सगळं कळत होतं.

मधुकररावांच्या हिशेबात सगळ्यात मोठा सायकलवाला म्हणजे डोंगर चढणारा. त्याच्या खालोखाल एकट्यानं घड्याळाशी झुंजणारा. त्याच्याही खाली, पण मानाचा, तो म्हणजे टीममधल्या बाकीच्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणणारा. स्प्रिंटर मात्र या रांगेत कुठंच नव्हता.

"दिवसभर दुसऱ्याच्या पाठीमागं लपून झोपा काढते," ते पुंडलिकरावांना सांगत, "अन् गाव दिसलं का उठते, दोन मिनिटं पाय मारते, हात वर करते. मोठा म्हणे! यायले तं मी सायकलवालाच म्हणत नाई."

"फुकट्या आहे," पुंडलिकराव मान हलवत. पुढं पुढं त्यांनी हे मत सेलूच्या बाजारापर्यंत नेऊन पोचवलं.

या रागाला कारण होतं. तरुणपणी एका शर्यतीत मधुकरराव अख्खा रस्ता सगळ्यांच्या पुढं होते. नागपूरचा एक पोरगा त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून आला तो आला, आणि शेवटच्या झेंड्यापाशी अर्ध्या चाकानं पुढं निघून गेला. मधुकररावांना तो रस्ता, तो झेंडा आणि त्या पोराची पिवळी चड्डी अजून जशीच्या तशी दिसत असे.

अशा घरात शुभमनं, त्यांच्या मुलानं, दिवाळीनंतर सांगितलं की त्याला एक मुलगी पसंत आहे. शुभम सावंगीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होता आणि आयुष्यात त्यानं सायकलीपेक्षा स्कूटरवर जास्त प्रेम केलं होतं. मुलीचं नाव जागृती. पुलगावची. पोलिसात शिपाई. रक्त तपासायला आली होती, तिथं ओळख झाली.

"कायले लागलं होतं रक्त तपासाले?" कुंताबाईनं विचारलं.

"सायकलवरून पडली होती. शर्यतीत. खेळाच्या कोट्यातून भरती झाली नं थे."

मधुकररावांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "तिले रविवारी घेऊन ये."

रविवारी जागृती आली. उंच, रुंद खांद्यांची, जेवायला सांगावं न लागणारी. कुंताबाईला ती दुसऱ्या वाटीभर झुणक्यापाशीच आवडून गेली. पुंडलिकरावही योगायोगानं जेवायच्या वेळेलाच आले होते. हात धुऊन झाल्यावर मधुकरराव मुद्द्यावर आले.

"मंग? तुहा कोणता प्रकार? घाट का एकटीची टाईम ट्रायल?"

"मी स्प्रिंटर आहो, काका."

"अरे बापरे," पुंडलिकराव म्हणाले. तिनं एखादं दुखणं सांगावं असा त्यांचा चेहरा झाला.

मधुकररावांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग शक्य तेवढ्या सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या मागं झोपा काढाच्या."

"झोप लागली तं दात पडते, काका." जागृतीनं ओठ वर करून दाखवला. "हा समोरचा नकली आहे."

कुंताबाई जवळ जाऊन वाकून पाहू लागली. "दिसतच नाई वं! कुठं बसवला? माह्याही दाढेचं..."

"कुंता, थांब," मधुकरराव म्हणाले. "पोरी, खरं सांग. जो अख्खा दिवस वाऱ्यात मरते तो मोठा, का जो शेवटी दोनशे मीटर पयते तो?"

"शेवटी जो पह्यला येते तो. शर्यत आहे नं काका ती."

पुंडलिकरावांनी डोळे मिटून घेतले. शुभमनं आईकडे पाहिलं. आई दाताकडे पाहत होती.

"पुढच्या रविवारी," मधुकरराव उठत म्हणाले, "आपण जामले चहा प्याले जाऊ. सायकलीनं. तू अन् मी."

"बाबा, जाम काय इथं आहे?" शुभम म्हणाला.

"तुले कोनं बोलावलं?"

तरीही तो रविवारी स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन मागं निघालाच. त्याला वडिलांची काळजी होती, आणि खरं म्हणजे त्यापेक्षा लग्नाची.

मधुकररावांचा बेत सोपा होता. जाता जाताच तिला मागं टाकायचं, चहा एकट्यानं प्यायचा आणि ती आली की प्रेमानं समजवायचं. सेलू ओलांडलं तसा त्यांनी जोर लावला. मागं वळून पाहिलं, तर तिचं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. चढ आला तिथं ते पेडलवर उभे राहिले. चाक तिथंच. त्यांनी मुद्दाम हळू केली, तिनंही केली. रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला गेले, तीही गेली. शेवटी ते एका बाभळीखाली थांबले आणि तिनं पुढं जावं म्हणून हात केला. तीही थांबली.

"बाजूले जाऊन याचं असन तं या, काका. मी सायकल पाह्यतो."

"मले कुठं जाचं नाई!"

सिंदीच्या पुढं त्यांनी पुन्हा वळून पाहिलं तेव्हा ती केळं खात होती. दोन्ही हात सोडून, सोलून, निवांत. त्यांच्या डोळ्यांत घाम उतरला होता आणि ही केळं खात होती! तिथून त्यांनी जे पाय मारले ते तरुणपणीच्या त्या शर्यतीनंतर मारले नव्हते. समुद्रपूर येईपर्यंत त्यांच्या मांड्यांतली वीज गेली होती. जामच्या चौकात ते सायकलीवरून उतरले तेव्हा काही क्षण हँडल धरूनच उभे राहिले, कारण हँडल सोडून उभं राहणं जमेल याची त्यांना खात्री नव्हती.

जागृतीनं आलुबोंडे मागवले. मधुकररावांनी तीन खाल्ले.

परतीला वारा समोरून लागला. ट्रक गेला की वर धूळही. जागृती पुढं झाली आणि म्हणाली, "काका, आता तुमी माह्या मागं या."

"मी कोनाच्या मागं राह्यत नाई."

ते तिच्या बाजूनं चालवू लागले. थोड्या वेळानं बाजूनं ऐवजी जरा तिरके. मग बरेच तिरके. तेवढ्यात शुभमनं स्कूटर जवळ आणली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मागं बसता का? सायकल मी उद्या टेम्पोनं आणतो."

स्कूटर! मधुकररावांनी मुलाकडे असं पाहिलं की त्यानं स्कूटर आपसूक मागं घेतली. मग त्यांनी दात ओठ खाऊन उरलंसुरलं बळ लावलं आणि जागृतीच्या चाकामागं जाऊन बसले.

आणि वारा बंद झाला. कोणी दार लावून घ्यावं तसा. कानातला घोंगाट गेला, पाय हलके झाले. पहिला मैलभर त्यांना लाज वाटली. नंतर वाटायची थांबली.

पण झोप? झोपेचं नाव नको. डोळे तिच्या मागच्या चाकावरून हलवायची सोय नव्हती. ती बोटानं खड्डा दाखवे, की यांनी तसंच वळायचं. एकदा एका बकरीकडे त्यांचं लक्ष गेलं, तर दोन चाकं एकमेकांना घासली आणि ते पडता पडता सावरले. पुढं जाऊन वारा खाण्यात नुसतं मरण होतं; इथं मागं बसण्यात मरणाची भीती होती, शिवाय ती आवाज न करता सोसायची होती.

सेलू मागं पडलं आणि मधुकररावांच्या लक्षात एक गोष्ट आली. पायांत जीव परत आला होता. ही गोष्ट लक्षात येताच मनात दुसरी गोष्ट आली, आणि ती काही चांगली नव्हती. हिंगणीची पाटी आता लांब नव्हती. त्यांनी आपला श्वास हळू केला, की तिला ऐकू जाऊ नये. तोंड आंबट केलं. पाटी नजरेत आली तेव्हा ते विव्हळत म्हणाले, "पोरी, हळू चाल वं. मी थकलो. शुभम कुठं राह्यला पाह्य जरा."

जागृतीनं पाय थांबवले आणि काळजीनं मागं वळून पाहिलं.

त्याच क्षणी मधुकरराव उजव्या बाजूनं सुटले. हँडलवर वाकून, जीभ बाहेर काढून, कसलातरी आवाज करत. जागृतीला काय झालं ते कळायला एक क्षण लागला. मग तीही उठली आणि अशी आली की तिच्या चाकांचा सूंऽऽ असा आवाज मधुकररावांच्या कानाशी येऊन भिडला. पण पाटी आलीच होती. अर्धं चाक. फार तर अर्धं.

मधुकररावांनी जन्मात पहिल्यांदा दोन्ही हात वर केले. हे कसं करतात ते त्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. सायकल थोडी डुलली, मग रस्ता सोडून उतरली, आणि गावातल्या तानबाच्या सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात मालकासकट शिरली.

तानबा बैलांना पाणी पाजत होता. तो बादली टाकून धावत आला. ढिगातून नुसते दोन बूट दिसत होते.

"मधुकरभाऊ! जिते आहा का?"

"जितलो!" कुटारातून आवाज आला.

त्यांना ओढून काढलं तेव्हा केसांत, मिशांत, कानांत कुटार होतं आणि उजव्या हाताचा अंगठा भलत्याच दिशेला वळला होता. त्यांचं अंगठ्याकडे लक्षच नव्हतं. ते खाली बसून हसत होते.

"त्या नागपूरवाल्याले असं वाटलं असन का?" ते म्हणाले. "एवढं मस्त?"

जागृती मात्र हसत नव्हती. ती सायकल आडवी टाकून कमरेवर हात ठेवून उभी होती. "थकलो म्हणाले तुमी!"

"मंग? स्प्रिंटमधी चालत नाई का?"

"चालते," ती दात आवळून म्हणाली. "पण मले लय राग आला आहे."

अंगठ्याला सावंगीला प्लास्टर लागलं. कुंताबाई तिथं पोचली, नवरा धड आहे हे पाहिलं आणि जागृतीला बाजूला घेऊन पाठीवरून हात फिरवला. "चांगलं केलं वं, सासऱ्याले जिंकू देल्लं."

"कोणाले जिंकू देल्लं?" जागृतीचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "मी कोणालेच जिंकू देत नाई! माह्या आईलेही देत नाई! फसवलं त्यायनं मले!"

पडद्याआडून मधुकररावांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की नर्सला वाटलं, इंजेक्शन लागू पडलं. पोरीनं सोडलं नव्हतं. शर्यत खरी होती.

पुढचा आठवडाभर जागृती शुभमला फोन करून एकच विचारत राहिली: बाबांचं प्लास्टर कधी निघते? परत शर्यत लावायची आहे. शुभमनं हे घरी सांगितलं.

"साखरपुड्याची तारीख काढा," मधुकरराव घाईनं म्हणाले. "प्लास्टर निघाच्या आधीची. एकदा सून झाली का सासऱ्यासंग शर्यत लावाले लाजन थे."

"थे लाजणाऱ्यातली दिसत नाई," कुंताबाई म्हणाली, पण तारीख काढली.

साखरपुडा हिंगणीलाच झाला. मांडवात मधुकरराव प्लास्टर सांभाळत खुर्चीवर बसले होते आणि शेजारी पुंडलिकराव. मधुकरराव त्यांना समजावत होते की जगातल्या मोठ्या सायकलवाल्यांत स्प्रिंटर धरलाच पाहिजे, डोंगरवाल्याच्या अगदी बरोबरीनं. डोकं थंड ठेवणं, जीव मुठीत धरून चाकामागं राहणं, अन् मोक्याच्या क्षणी न चुकणं, हे काय येरागबाळ्याचं काम आहे?

पुंडलिकराव लालबुंद झाले होते. "इतके वर्षं तूच सांगतलं का फुकट्या आहे म्हणून! मी सेलूच्या बाजारात लोकांशी भांडलो त्याच्यावरून. दोघांशी बोलणं बंद आहे माह्यं. आता त्यायले काय सांगू?"

"सांग का मधुकररावाचं मत बदललं."

"माह्यं नाई बदललं!"

शेवटी त्यांनी जागृतीलाच हाक मारली. ती हिरव्या शालूत, हातात पेढ्यांचं ताट घेऊन आली.

"तूच सांग पोरी," पुंडलिकराव म्हणाले. "स्प्रिंटर मोठा का डोंगरवाला?"

जागृतीनं ताट कमरेवर टेकवलं. "आमच्या टीममधी एक दीपमालाताई आहे. शेवटी मले वाऱ्यातून ओढत ओढत झेंड्याजवळ नेऊन सोडते अन् बाजूले होते. तिचं नाव कुठं छापून येत नाई. मले इचारसान तं तीच सगळ्यात मोठी."

असं उत्तर दोघांपैकी कोणालाच नको होतं.

"बाजूले होते?" मधुकरराव म्हणाले. "म्हणजे जिंकतच नाई?"

"जे जिंकत नाई थे मोठी कशी?" पुंडलिकरावांनी विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी दोघं एका बाजूला आले. मग पुंडलिकराव म्हणाले की म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणणारासुद्धा बाद, तोही कधी जिंकत नाही. मधुकरराव म्हणाले, त्याचं नाव काढू नको. आणि दोघं पुन्हा जुंपले. तिकडं भटजींनी अंगठ्या घालायला सांगितलं, शुभमनं आणि जागृतीनं त्या घातल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंताबाईनं या दोघांना दोनदा हाका मारल्या. मग ती ताटातले दोन पेढे घेऊन आली आणि आधी नवऱ्याच्या, मग पुंडलिकरावांच्या तोंडात एकेक अख्खा कोंबला. पेढा संपेपर्यंत मांडवात शांतता होती.