अधिकातलं घर

चैतालीला घर नको होतं, वर्तुळ हवं होतं.

हसू नका. सिंगापुरात मूल पहिलीत घालायचं तर शाळा मुलाच्या आधी तुमचा पत्ता बघते. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणारे पहिले, त्यापलीकडचे नंतर, आणि फार लांबच्यांनी अर्ज करून हौस भागवावी. जागांपेक्षा मुलं जास्त झाली की सोडत. त्यामुळे इथे आईबाप घर बघायला निघतात ते नकाशा आणि कंपास घेऊन. स्वयंपाकघर अंधारं असलं तरी चालतं, वर्तुळात असलं म्हणजे झालं.

चैतालीचं वर्तुळ बुकित बातोकमधल्या एका शाळेभोवती होतं. शाळा काही फार नावाजलेली नव्हती, पण तिच्या आवारातच पाळणाघर होतं आणि ते संध्याकाळपर्यंत उघडं असायचं. चैताली बँकेत, नवरा निशिकांत जहाजावर सेकंड इंजिनियर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. श्रिया जानेवारीत पहिलीत जाणार. ही शाळा मिळाली तर पोर आईपाशी राहणार. नाही मिळाली तर कुठेतरी लांबची दुपारची शाळा, आणि सकाळभर सहा वर्षांच्या मुलीला बघायला घरात कोणी नाही. नोकरी सोडावी तर नव्या घराचं कर्ज दोन पगारांवर बेतलेलं. मग श्रियाला पुण्याला आजीकडे ठेवायचं. हे 'मग' चैताली कधी मोठ्यानं म्हणायची नाही.

मे महिन्यात घर सापडलं. गोह नावाच्या म्हाताऱ्या चिनी बाईंचं, वर्तुळाच्या कडेला, पण आत. चैताली त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होती तेव्हाच खिडकीतून शाळेचं निळं छप्पर दिसलं नि श्रिया इथल्या मुलांसारखी म्हणाली, "ममा, सो नियर, लाह!" चैतालीला तिथल्या तिथे रडू यायचं बाकी राहिलं.

रात्री निशिकांतचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. "घेऊन टाक," तो म्हणाला. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "पण आईला एकदा विचार हं. नाहीतर मागाहून ऐकावं लागतं."

आता काय गरज होती? पण बायको विचारते आणि नवरा जहाजावर नामानिराळा राहतो, हे चालत आलंय. चैतालीनं फोनचं कार्ड खरवडलं आणि पुण्याला सासूबाईंना फोन लावला. सुमित्राबाईंना आधी श्रियाचा खोकला सांगून झाला, मग शेजारणीच्या मुलीचं लग्न ऐकून झालं, तेव्हा कुठे हिची पाळी आली.

"आई, आम्ही घर घेतोय. याच आठवड्यात."

"अगं बाई! अधिकात? अधिक ज्येष्ठ लागलाय, अधिकात कोणी नव्या घरात जातं का?"

"जात नाही हो आई, नुसतं..."

"महिनाभर थांबलात तर काय आकाश कोसळणार आहे? निज लागला की करा ना सगळं."

नुसता टोकनचा कागद करायचाय, घर हातात यायला तीन महिने लागतात, हे चैताली सांगणार तेवढ्यात कार्डातले पैसे संपले नि फोन कुईंकुईं करून बंद पडला. दुसरं कार्ड खाली दुकानात मिळत होतं. चैतालीनं चपला घातल्या, काढल्या. पुन्हा फोन करायचा म्हणजे हुज्जत घातल्यासारखं. ती स्वतः असलं काही मानणारी नव्हती, पण नवरा समुद्रावर असला की माणूस नको तिथे भितं. उद्या काही बरंवाईट झालं तर, अधिकात घर घेतलंस, हे वाक्य आयुष्यभर तिच्या माथी येणार. ती थांबली.

गोहबाईंना तिनं भीत भीत सांगितलं की आमचा एक महिना असतो, त्यात चांगलं काम करत नाहीत. बाई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "आमचाही असतो," त्या म्हणाल्या. "सातवा महिना. भुतं मोकळी सुटतात. त्या महिन्यात आम्ही बिऱ्हाड हलवत नाही. त्याच्या आत मला सगळं आटपून मुलाकडे जायचंय." दोघींचंही खरं होतं. तिचा महिना संपेपर्यंत बाई थांबल्या असत्या तर घर रिकामं करायला बाईंचा सातवा महिना उजाडला असता. पुढच्या रविवारी ते घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं.

निज ज्येष्ठ लागला तेव्हा त्या वर्तुळात विकायला एकच घर उरलं होतं, गोहबाईंच्या मोटारतळाच्या पलीकडच्या इमारतीत. "ऑपझिट ओन्ली, सेम सेम लाह," एजंट म्हणाला. चैतालीनं नकाशावर कंपास ठेवला तर पेन्सिलीची रेघ नेमकी त्या इमारतीवरून गेली. आत की बाहेर? शाळेच्या फाटकापासून मोजायचं की मधोमध? शाळेत विचारलं, तर म्हणाले शिक्षण खात्याच्या हॉटलाइनला विचारा. हॉटलाइनवर विचारलं, तर नोंदणीच्या दिवशी कळेल. अरे, घर आज घ्यायचं नि कळणार नोंदणीला? पण कोणाशी भांडणार? सगळे इतकं गोड बोलत होते. निशिकांतचं जहाज भर समुद्रात होतं. तिनं सही केली, दिवस बघून, अगदी चांगल्या वेळेला.

नोंदणीला काउंटरवरच्या मुलीनं पोस्टल कोड टाइप केला. "वन टू टू किलोमीटर," ती म्हणाली. म्हणजे एक ते दोनच्या मधे.

"पुन्हा बघता का जरा? प्लीज."

मुलीनं पुन्हा बघितलं. कॉम्प्युटर तेच म्हणाला. रेघ मोटारतळातून जात होती. गोहबाईंची इमारत आत, चैतालीची बाहेर.

वर्तुळाच्या आतल्यांनाच जागा पुरल्या नाहीत. चैतालीवर सोडतीची वेळसुद्धा आली नाही. पोर सोडतीत हरली असती तर नशिबाला तरी बोल लावता आला असता.

श्रावण संपता संपता वास्तुशांत झाली. सुमित्राबाई त्यासाठी मुद्दाम पुण्याहून आल्या. निशिकांतला सुट्टी मिळाली नाही. नव्या गॅसवर दूध ठेवलं, ते नीट उतू गेलं, बायकांनी वा वा केलं. खिडकीतून शाळेचं निळं छप्पर दिसत होतं.

"शाळा ती का?" सुमित्राबाईंनी विचारलं. "आणि पहिलं घर कुठलं गं, ते हातचं गेलं ते?"

चैतालीनं बोट दाखवलं.

"इतकं जवळ होतं आणि सोडलंत कसं?"

"आई, अधिक होता ना."

"मग? टोकन द्यायला काय हरकत होती?" सुमित्राबाई अगदी सरळपणे म्हणाल्या. "अधिकात घरात राहायला जात नाहीत. घर ठरवायला कोणी नाही म्हटलंय? मला वाटलं, तुम्ही सामान घेऊनच निघालात. विचारायचंस तरी नीट!"

चैतालीच्या तोंडाशी शब्द आले, कार्ड संपलं होतं. इतकी फालतू गोष्ट तिला बोलवेना. तिनं ओट्यावरचं सांडलेलं दूध पुसायला घेतलं आणि पुसत राहिली. सुमित्राबाईंवर चिडावं, तर त्याच आता श्रियाला सोबत पुण्याला नेऊन सांभाळणार होत्या. उतारवयात नातीची शाळा, डबा, आजारपण अंगावर घ्यायला त्या एका शब्दानं तयार झाल्या होत्या.

गौरीगणपती झाले. बॅग भरता भरता सुमित्राबाई म्हणाल्या, "तिकीट पुढल्या शुक्रवारचं आहे. श्रियाचा तो पांढरा स्वेटर वर ठेव गं, विमानात गार असतं." श्रिया खिडकीशी स्टुलावर उभी राहून निळ्या छपराकडे बघत होती.

चैतालीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. "आई, त्या शुक्रवारी तर पितृपंधरवडा लागलेला असेल," ती म्हणाली. "पंधरवड्यात पोरीला घराबाहेर काढायचं म्हणजे... चालतं का हो? सर्वपित्री होईपर्यंत थांबलात तर?"

सुमित्राबाईंनी तिच्याकडे बघितलं, कौतुकानंच. इतकी शिकलेली सून, पण घरचं सगळं पाळते.

"अगं वेडे, प्रवासाला कसली आलीय आडकाठी?" त्या म्हणाल्या. "आणि मी कुठे एवढं मानते!"

त्यांनी स्वेटरची घडी घातली नि बॅगेत ठेवली.