टोपीतली चिंधी

"कामावर जाताना गडी ठणठणीत, आणि सुट्टी आली रे आली की छाती धरून बसायचं! माझं तोंड बघून दुखतं का हो?"

नवरा भिंतीला टेकून बसला होता, कपाळावर घाम. "तसं नाही गं. जरा ती टोपी दे."

घरात टोपी! बायकोच्या मनात पाल चुकचुकली.

तशी ती जात्याच संशयी. सासरे बंदुकीच्या काळ्या दारूच्या कारखान्यात होते. घरी यायचे ते नखशिखांत काळे, कुठं होतात म्हणून विचारायचीच सोय नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, गेला बिनधुराच्या दारूच्या खात्यात. ती उडाली तरी धूर नाही, आणि हा घरी आला तरी अंगावर डाग नाही. असल्या स्वच्छ माणसाचा काय भरवसा?

टोपी घालून तो थोड्या वेळात सावरला, चहा प्याला आणि झोपला. तिनं हळूच टोपी काढून अस्तर उसवलं. आत तेलकट चिंधी! ती मुठीत आवळून तो उठायची वाट बघत बसली. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात घण पडू लागले.

"कोण आहे ही? करणी केलीय सटवीनं, डोकं फुटतंय माझं!"

तो धडपडत उठला. आधी तिचा हात साबणानं धुतला.

"अगं, माझ्याच एप्रनचा तुकडा आहे. नायट्रोग्लिसरीन लागलंय त्याला. आमची दारू कापसापासून होते, त्यात आम्ही तेच कालवतो. नव्या माणसाचं डोकं उठतं. जुन्याच्या अंगात मुरतं, मग सुट्टीला ते मिळालं नाही की छाती आवळते. सगळेच ठेवतात टोपीत चिंधी."

"आणि नोकरी संपल्यावर हो?"

तो तिचा हात पुसू लागला. "आमचा मुकादम घरी बसला, आणि आठवड्यात गेला."

तिला रडू फुटलं. रागानं की भीतीनं, तिलाच कळेना.

नवरा निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. पहारेकऱ्यानं तिची पिशवी उलटी करून झटकली.

"काय न्यायला आलात, बाई? इथून कापसाचं बोंडसुद्धा बाहेर जात नाही."

"एक चिंधी द्या हो," ती म्हणाली. "कुणाच्याही एप्रनची चालेल."