टेपचा कान

खोकं बंद करताना टेपवाली टेपचं टोक बोटभर आत दुमडायची. घेणाऱ्याला नखाने कुरतडत बसायला नको. कान धरला, ओढला, खोकं उघडलं. फोनच्या कारखान्यात पॅकिंगला चाळीस बायका, पण हा उद्योग तिचा एकटीचाच. डावीकडच्या टेबलावर तिची जाऊ बसायची. ती म्हणायची, "एवढे लाड कशाला? स्वस्तातला फोन आहे, नवरदेव नाही."

नवरा गेल्यापासून टेपवाली या जावेच्याच घरी राहत होती, पडद्यामागच्या खाटेवर. तिथे खोकायचं म्हटलं तरी विचारून. म्हणून तिने एक खोली बघून ठेवलेली. तीन महिन्यांचा थकलेला पगार हातात पडला की अनामत भरायची नि निघायचं.

आणि नेमका त्याच पगारावर मालकाचा डोळा. सोमवारी त्याने सगळ्यांना गोळा केलं. विक्री दुप्पट झालीय म्हणाला, थकलेला पगार सोडा, त्याबदली कंपनीचे शेअर घ्या, उद्या तुम्हीच मालक. हिशेबनीसाने आकड्यांचा कागद भिंतीला डकवला. मग मालकाने विचारलं, कुणाला काही शंका?

टेपवालीला होती. दोन महिने ती मागच्या दाराने येणारी खोकी बघत होती. न उघडलेली, वर तिचाच कान. विकली म्हणून पुढच्या दाराने गेलेली खोकी आठ दिवसांत मागून परत यायची, नवं लेबल लावून घ्यायची नि पुन्हा विकायला निघायची. एकावर तर लेबलांचे चार थर. तिने डबा खाताना हे सगळ्यांना सांगितलेलं. तू विचार, आम्ही आहोत मागे, असं सगळ्या म्हणालेल्या.

ती उभी राहिली. "एकच खोकं चारदा विकलं, तर फोन किती विकले धरायचे?"

हिशेबनीसाने चष्मा पुसायला काढला. मालक हसला. "बाई, खोकी सगळी सारखीच दिसतात."

"माझी नाही दिसत. टेपला कान असतो."

तिने मागे बघितलं. सगळ्याजणी आपापल्या चपला बघत होत्या, जशा काही आजच घेतल्यात. शेअर घेतल्याच्या सहीसाठी रांग लागली, त्यात पहिली गेली ती जाऊ. त्या दुपारी टेपवालीच्या बाकावर डबा घेऊन कुणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर तिच्या टेबलाशी आला. यापुढे टेप सरळ लावायची, दुमडायची नाही. का, तर वरून सांगितलंय.

झालं, सोमवारच्या प्रश्नाचं तिला उत्तर मिळालं. ती जावेला म्हणाली, सही मागे घे. जाऊ मान वर न करता म्हणाली, "कारखाना बुडाला तर तुला कोण पोसणार? मीच ना? गप बस."

टेपवाली गप बसली नाही. सही करणार नाही, माझा पगार टाका, म्हणून तीन दिवस हिशेबनीसाच्या दाराशी उभी राहिली. चौथ्या दिवशी पाकीट मिळालं. सोबत निरोप, उद्यापासून येऊ नका.

खोलीवर न्यायला सामान म्हणजे एकच खोकं. सवयीने त्याच्या टेपलाही तिने कान केलेला. नव्या खोलीत जमिनीवर बसून तिने तो धरला, ओढला. एका दमात उघडलं. इतक्या वर्षांत आपला कान तिने स्वतः पहिल्यांदाच ओढला.

"बघ, किती सोपं," असं म्हणत तिने डावीकडे मान वळवली.

तिथे भिंत होती.