पंधरावा दिवस

मंजुषाने फोन आडवा धरला आणि भिंतीवरच्या ‘आज मला कसं वाटतंय’ या तक्त्याचा फोटो काढला. तक्त्यावर चार चेहरे होते: आनंदी, ठीक, रागावलेला, उदास. आल्याआल्या मुलांनी आपल्या नावाचा कपड्यांचा चिमटा हव्या त्या चेहऱ्याखाली लावायचा आणि बाईंनी दहाच्या आत फोटो अ‍ॅपवर अपलोड करायचा. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात गणिताच्या शिक्षिकेला मानसिक आरोग्याची शिक्षिका करण्यात आलं होतं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तर जेवणानंतर सगळे घरीच गेले होते.

सातवी ‘ब’च्या बेचाळीस चिमट्यांपैकी ‘उदास’खाली एकच होता. ज्ञानेश्वरीचा. आज चौदावा दिवस.

नियम सोपा होता. शाळेचे सलग पंधरा दिवस उदास राहिलं तरच समुपदेशकाची भेट. मध्ये एक दिवस जरी बरं वाटलं, तर मोजणी पुन्हा एकपासून. ज्ञानेश्वरीची आई गणपतीला साताऱ्याकडे गेली ती परतलीच नव्हती. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. मुलगी घरी गप्प, वर्गात गप्प. बोलत होता तो फक्त चिमटा.

मुख्याध्यापिका शालन मॅडम दारात आल्या.

“उद्या पाहुणे येतायत, मंजुषा. समुपदेशक पण आहेत. तेवढा एक चिमटा हलव.”

“नको, मॅडम. उद्या तिचे पंधरा पूर्ण होतात.”

“म्हणजे एकीपायी शाळेचा रिपोर्ट घालवायचा? तुला शिकवायला जमलं नाही, एवढाच अर्थ निघतो त्याचा.”

हे सगळं वर्गासमोर. त्या गेल्यावर मंजुषाने पदराने चष्मा पुसला आणि मानसिक आरोग्याच्या पुस्तिकेतला चौथा धडा उघडला: ‘समोरच्याचा चेहरा वाचा’. पहिल्या बाकावरून ज्ञानेश्वरी तिच्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपवून मंजुषा वर्गात पोचली, तेव्हा पाहुणे तक्त्यासमोर माना डोलवत होते. ‘उदास’खाली एकही चिमटा नव्हता. फोटो शालन मॅडमनी स्वतःच पाठवून दिला होता.

मंजुषाने समुपदेशक रणजीत सरांना व्हरांड्यात गाठलं.

“सर, ज्ञानेश्वरीला भेटा. पाचच मिनिटं.”

त्यांनी फोनवर बोट फिरवलं.

“आज तर आनंदी दाखवतंय. चौदावरच थांबलं की. छान काम केलंत, मॅडम. मला अजून दोन शाळा करायच्यात.”

मधल्या सुट्टीत मंजुषा पहिल्या बाकावर जाऊन बसली.

“शालन मॅडमनी सांगितलं का तुला?”

“नाय. मीच लावला.”

“का गं?”

“काल त्या तुमाला बोलल्या ना. तुमचा चेहरा कसा झालता.” ज्ञानेश्वरीने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. “आता बरं वाटतंय ना, मॅडम?”

“हो. एकदम छान.”

ज्ञानेश्वरीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हळूच मान हलवली. कच्च्या मुलाचं चुकलेलं उत्तर ऐकून, न रागावता, मंजुषा हलवायची तशी.